भुताआड झाकलेली माणसं

अकोल्याच्या जुन्या शहराला स्वतःची जन्मकथा आहे. मोर्णेच्या काठी अकोलसिंग नावाच्या माणसाने एकदा एक विपरीत दृश्य पाहिलं. कुत्रा पुढे पळत होता आणि ससा त्याच्या मागे लागला होता. हा शुभशकुन मानून त्याने तिथे मातीचा कोट घातला आणि गावाला संरक्षण दिलं, असं सांगतात. पुढे १६९७ मध्ये, औरंगजेबाच्या राजवटीत, असदखानाने इथे पक्का किल्ला बांधला. त्याच्यावरून तो असदगड झाला. १८०३ मध्ये आडगावच्या लढाईआधी आर्थर वेलस्लीच्या फौजेचा तळ इथे पडला होता. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी किल्ला मोडून काढला. दहीहंडा वेस आणि अगर वेस ही नावं मात्र टिकली.

सशाची हीच गोष्ट अहमदाबादलाही सांगतात. तिथे साबरमतीच्या काठी ती अहमदशहाने पाहिली. विजयनगरच्या स्थापनेबद्दलही ती आहे, आणि सोळाव्या शतकात तिथे आलेल्या फर्नांव नुनिश या पोर्तुगीजाने ती लिहून ठेवली आहे. शहरं तीन, राजे वेगळे, ससा एकच. असदगड खरा आहे, त्याची साल खरी आहे, आडगावची लढाईही खरी आहे. सशाची कथा मात्र गावोगाव फिरणारी आहे. ज्या गावात जाते तिथल्या नदीचं, तिथल्या राजाचं नाव घेते आणि तिथलीच होऊन राहते.

भुतांच्या गोष्टी अशाच फिरतात आणि अशाच खऱ्या जागांना चिकटतात. अलीकडच्या पन्नास वर्षांत त्यांना सिनेमाचं वाहन मिळालं. पडदा काळा होतो, अक्षरं उमटतात, ‘सत्य घटनेवर आधारित’, आणि पुढचे दोन तास जे दिसतं ते कुणाच्या तरी घरात खरोखर घडलं होतं, या समजुतीने आपण पाहतो. घरी आल्यावर वरच्या माळ्यावर टकटक झाली की तीच समजूत अंथरुणात शिरते. अशा चित्रपटांवर विश्वास ठेवावा का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देताना प्रत्येक कथेत एकच शोध घ्यायचा आहे: यातलं खरं नेमकं काय होतं, आणि ते ज्याच्या वाट्याला आलं त्या माणसाचं पुढे काय झालं?

पाटीची जबाबदारी कोणाची?

पहिली गोष्ट साधी आहे. ही पाटी कोणी तपासत नाही. आपल्याकडे चित्रपटांना प्रमाणपत्र देणारं केंद्रीय मंडळ १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चालतं. चित्रपट सर्वांनी पाहावा, मुलांनी पालकांसोबत पाहावा की फक्त प्रौढांनी, हे ते ठरवतं. पडद्यावरचं भूत खरंच कुणाला दिसलं होतं का, याचा पंचनामा करणं त्याचं काम नाही. प्रमाणपत्र पाहून ‘सरकारनंच मंजूर केलं म्हणजे काहीतरी असणारच’ असं कोणी म्हणत असेल, तर तो त्या कागदाकडून नको ती अपेक्षा करतो आहे.

पाटी लावणाऱ्यांनी तिचा वापर कसा केला, ते पाहण्यासारखं आहे. १९७४ चा अमेरिकी चित्रपट ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ सुरुवातीलाच गंभीर आवाजात सांगतो की ही भीषण घटना १८ ऑगस्ट १९७३ रोजी घडली. त्या तारखेपर्यंत चित्रपटाचं मुख्य चित्रीकरण आटोपत आलं होतं. घटना घडण्याआधीच तिचं बहुतेक चित्रीकरण झालं होतं. त्यामागचं खरं बीज होतं एड गीन या गुन्हेगाराचं. तो १९५७ मध्ये पकडला गेला, आणि तोही टेक्सासपासून दूर विस्कॉन्सिन राज्यात.

१९९९ मध्ये आलेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने याच्या पुढची पायरी गाठली. जंगलात हरवलेल्या तीन तरुणांच्या कॅमेऱ्यात सापडलेलं चित्रण म्हणून तो लोकांसमोर आला. आधीपासून संकेतस्थळ चालवलं गेलं, ‘बेपत्ता’ अशी पत्रकं वाटली गेली. चित्रपटातल्या तरुणीच्या खऱ्या आईला लोकांची सांत्वनपत्रं आली, आणि ती मुलगी घरी सुखरूप होती. अगदी तुटपुंज्या खर्चात झालेल्या त्या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. ‘हे खरं आहे’ या एका वाक्याची किंमत त्यानंतर सगळ्या निर्मात्यांना कळली.

आपल्याकडचं उदाहरण २०१८ च्या ‘स्त्री’चं. भिंतीभिंतीवर ‘ओ स्त्री, कल आना’ लिहिलेलं मध्य प्रदेशातलं चंदेरी गाव त्यात आहे. मूळ आख्यायिका मात्र कर्नाटकातली. रात्री दार ठोठावणाऱ्या बाईला चकवण्यासाठी लोक दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहीत. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या परिसरात ही अफवा पसरली होती. भिंतींवर खरंच तसं लिहिलं गेलं, लोक खरंच घाबरले होते. एवढा भाग सत्य घटनेचा. बाई कुणी पकडली नाही, कुणी मोजली नाही, आणि पुढे ती सिनेमातून शेकडो किलोमीटर दूर चंदेरीला जाऊन राहिली, अकोल्याच्या सशासारखीच.

खरा खून, मागून आलेला आवाज

कधीकधी घटनेचा गाभा पूर्णपणे खरा असतो, आणि म्हणूनच भूत जास्त पटतं. पुण्याचा शनिवारवाडा घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वाड्यात घुसून खून केला. नारायणराव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि खुद्द काका रघुनाथरावांना दोषी ठरवलं. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर दोष सांगणारा न्यायाधीश ही आपल्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

आज शनिवारवाड्याचं नाव काढलं की बहुतेकांना आठवते ती ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी, जी रात्री ऐकू येते म्हणतात. कोणी पौर्णिमा सांगतं, कोणी अमावास्या. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. आरोळी मात्र सगळ्यांच्या ओठांवर आहे. एका पोराचा जीव घेतला गेला, त्यामागे सत्तेची हाव होती, आणि एका न्यायाधीशाने त्याचा छडा लावला, हे सगळं खरं आहे आणि कागदोपत्री आहे. आरोळीच्या गोष्टीत यातलं काहीच उरत नाही. उरतो फक्त शहारा.

हीच गत न्यूयॉर्कजवळच्या ॲमिटीव्हिलच्या घराची झाली. १३ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे रोनाल्ड डिफिओ या तरुणाने त्या घरात आई, वडील आणि चार भावंडांना गोळ्या घातल्या. सगळ्यात धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. डिसेंबर १९७५ मध्ये लुट्झ नावाचं कुटुंब ते घर विकत घेऊन राहायला आलं आणि २८ दिवसांत सोडून गेलं. त्यांच्या अनुभवांवर १९७७ मध्ये पुस्तक निघालं, १९७९ मध्ये चित्रपट आला, पुढे त्याची रांगच लागली. त्याच १९७९ मध्ये डिफिओच्या वकिलाने सांगून टाकलं की ही कथा आपण आणि लुट्झ दांपत्याने दारूच्या बाटल्या रिकाम्या करत बसून रचली. आपल्या अशिलाचा खटला पुन्हा उभा राहावा, ही त्या वकिलाची गरज होती. लुट्झ मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. हा वाद सोडवण्यासाठी त्या दोघांपेक्षा चांगले साक्षीदार आहेत, ते म्हणजे त्या घरात नंतर राहिलेले लोक. त्यांना भुतांचा काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो घर बघायला येणाऱ्या गर्दीचा. शेवटी घराचा क्रमांकच बदलावा लागला.

त्या घरात मेलेल्या चार मुलांची नावं किती प्रेक्षकांना ठाऊक असतील? चित्रपटमालिकेत नव्या नव्या पिशाच्चांना नावं मिळत गेली, आणि झोपेत मारली गेलेली मुलं मागे पडली.

बाथशेबा आणि आपल्याकडची ‘डाकीण’

२०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’ने आपल्याकडच्या तरुण प्रेक्षकांनाही वेड लावलं. एड आणि लॉरेन वॉरन हे भूतशोधक जोडपं, ऱ्होड आयलंडमधल्या हॅरिसव्हिल गावातलं शेतावरचं घर, १९७१ मध्ये तिथे राहायला आलेलं पेरॉन कुटुंब, ही सगळी माणसं आणि जागा खरी. पेरॉन कुटुंब त्या घरात १९८० पर्यंत राहिलं. दोन तासांच्या सिनेमात न मावणारा हा काळ आहे.

चित्रपटातली चेटकीण बाथशेबा हीसुद्धा नावापुरती खरी आहे. बाथशेबा शर्मन नावाची एक शेतकरी बाई त्या परिसरात राहत होती आणि १८८५ मध्ये वारली. ती चेटूक करत होती, सैतानाची भक्त होती, तिने बाळाचा बळी दिला, याचा कसलाही पुरावा नाही. तरीही चित्रपटानंतर तिच्या कबरीवरच्या दगडाची पुन्हा पुन्हा मोडतोड झाली. आणि त्या घरात तेव्हा शांतपणे राहणाऱ्या वृद्ध जोडप्याच्या अंगणात रात्री-अपरात्री अनोळखी लोक शिरू लागले. २०१५ मध्ये त्यांना चित्रपट कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे जरा थांबावं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला पुराव्याशिवाय चेटकीण ठरवणं ही आपल्याला लांबची गोष्ट वाटू शकते. पण आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून जिवंत बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. एकटी विधवा, थोडी जमीन, शेजारच्या घरातलं आजारी मूल, एवढं जुळून आलं की बोट तिच्याकडे वळतं. पडद्यावरच्या चेटकिणीला पाहून टाळ्या वाजवताना ही बाई आठवली, तर आपण चित्रपट अधिक डोळसपणे पाहू.

जुन्या घरांचे आवाज

मग लोकांना जे दिसतं, ऐकू येतं, ते सगळं खोटं असतं का? नाही. बहुतेक लोक खरं बोलत असतात. अनुभव खरा असतो, त्यावर लावलेलं कारण चुकतं.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर धाबं, नंतर कधीतरी त्यावर घातलेले टिनाचे पत्रे. खाली वऱ्हाडातली काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायाच वर्षातून दोनदा असा हलत असेल, तर भिंतीला तडा जातो, चौकट तिरकी होते, कालपर्यंत नीट लागणारं दार आज आपोआप उघडतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसभर तापून फुगलेला पत्रा आणि लाकूड रात्री गार होताना आकसतात आणि कडकड आवाज करतात. वर कोणी चालतंय असं वाटण्याची वेळ आणि पत्रा निवण्याची वेळ एकच असते. त्यात तुळईत उधई, धाब्याच्या पोकळीत उंदीर, पडक्या बुरुजात वटवाघळं. गव्हाणी घुबड तर अशा ठिकाणी हमखास राहतं. पांढरट चेहऱ्याचा हा पक्षी आवाज न करता उडतो आणि बाईने किंकाळी फोडावी तसा ओरडतो. ज्याने तो कधी पाहिला नाही, त्याने त्याला हडळ म्हटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

घराइतकंच शरीरही कारण असतं. मध्यरात्री जाग येते, डोळे उघडे असतात, पण हात-पाय हलत नाहीत. छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं, खोलीत कोणाचं तरी अस्तित्व जाणवतं, ओरडावं तर आवाज फुटत नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात धावत नाही. कधी मेंदू जागा होतो आणि स्नायू मागे राहतात. काही सेकंदांचा, फार तर दोन-चार मिनिटांचा हा खेळ असतो. जागरण, पाळीचं काम, ताण, उताणं झोपणं यांनी तो वाढतो. जगभर लोकांना हा अनुभव येतो, आणि प्रत्येक मुलुखाने त्याला आपापलं भूत दिलं आहे.

हवेतूनही भूत येऊ शकतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकिकत छापून आली. नव्या घरात आल्यापासून त्यांना पावलांचे आवाज ऐकू येत, अनोळखी माणसं दिसत, मुलं फिकट पडली होती, झाडं सुकत होती. तपासणीत भट्टी बिघडलेली निघाली. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू घरभर पसरत होता. भट्टी दुरुस्त झाल्यावर भुतं गेली. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनी ही हकिकत लक्षात ठेवावी. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

इंग्लंडमध्ये विक टँडी नावाचा अभियंता कोव्हेंट्रीतल्या एका प्रयोगशाळेत काम करत असताना त्याला घाम फुटला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरू लागलं. शोध घेतल्यावर नवीन बसवलेला पंखा सापडला. तो सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानांना ऐकू न येणारा ध्वनी निर्माण करत होता. टँडीने १९९८ मध्ये यावर निबंध लिहिला. पुढच्या सगळ्या प्रयोगांत अशा ध्वनीचा परिणाम तितकाच स्पष्ट आढळला नाही. पण टँडीची रीत शिकण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी पातं हलताना पाहून त्याने पातं कुठे जास्त हलतं, कुठे कमी, हे मोजलं.

भानामती आणि एका मुलीचा ताण

काही घरांत मात्र पत्रा, घुबड, झोप यांनी उत्तर मिळत नाही. घरावर दगड पडतात, पेटीतले कपडे पेटतात, कुंकू काळं पडतं, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. मराठवाड्यात आणि विदर्भात याला भानामती म्हणतात.

नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि श्याम मानवांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती, या दोन्ही संघटनांच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं वर्षानुवर्षं हाताळली. त्यांची पद्धत साधी आणि चिवट आहे. घरी जायचं, प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं, कोणता प्रकार केव्हा झाला आणि तेव्हा कोण कुठे होतं, हे लिहून काढायचं. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं आणि काळे डाग पाडतं, हे वऱ्हाडातल्या कुणाला सांगायला नको. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळाने आपोआप आग लागते, हे कार्यकर्ते गावासमोर करून दाखवतात. शेवटी बहुतेक वेळा घरातलंच कोणीतरी निघतं. पुष्कळदा ती एखादी सून असते, वयात येणारी मुलगी असते, शाळा सुटलेला मुलगा असतो. ज्याचं घरात कोणी ऐकत नाही, त्याने आपलं दुःख बोलून दाखवण्यासाठी शोधलेली ही भाषा असते.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्यानंतर त्या माणसाचं नाव गावात फोडायचं नाही, हा नियम. त्याच्याशी एकांतात बोलायचं, घरच्यांना सांभाळून सांगायचं, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. भानामती थांबते, आणि त्या पोरीची अब्रूही राहते.

लंडनच्या एनफिल्ड भागात १९७७ मध्ये असंच घडलं. नवऱ्यापासून वेगळी राहणारी आई, तिची चार मुलं, ठोकल्याचे आवाज, उडणाऱ्या वस्तू, आणि अकरा वर्षांच्या जॅनेटच्या तोंडून निघणारा घोगरा पुरुषी आवाज. संशोधकांनी महिनोन्महिने तिथे मुक्काम केला. मुली काही करामती स्वतः करताना पकडल्या गेल्या, आणि जॅनेटने मोठेपणी थोडाफार बनाव केल्याचं कबूल केलं. बाकीचं खरं होतं, असं ती सांगत राहिली. २०१६ च्या ‘द कॉन्ज्युरिंग २’मध्ये या घराचे तारणहार म्हणून वॉरन दांपत्य दिसतं. प्रत्यक्षात त्यांचा तिथला वावर अगदी थोडका होता. आपल्या कार्यकर्त्यांनी मुलीचं नाव झाकलं. तिथे वर्तमानपत्रांनी आणि नंतर सिनेमाने ते जगभर नेलं. अकरा वर्षांच्या मुलीला काय हवं होतं, हे दोन्हीकडे सारखंच असणार: कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यावं.

जिथे विश्वास जीव घेतो

‘अहो, सिनेमाच आहे, घटकाभर करमणूक’ असं म्हणणाऱ्यांना मी विरोध करणार नाही. भीतीचा आनंद जुना आहे. पण पाटीवर विश्वास ठेवण्याची किंमत कधीकधी माणूस मोजतो.

२००५ चा ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ हा चित्रपट अनेलीझ मिशेल या जर्मन तरुणीवर बेतलेला आहे. सोळाव्या वर्षी तिला झटके येऊ लागले. डॉक्टरांनी अपस्माराचं, म्हणजे फिटचं निदान केलं. पुढे तिला आवाज ऐकू येऊ लागले, नैराश्य आलं. घरच्यांनी आणि धर्मगुरूंनी तिला सैतानाने धरलं आहे असं ठरवलं. सप्टेंबर १९७५ पासून तिच्यावर भूत उतरवण्याचे ६७ विधी झाले. औषधं थांबली, अन्न सुटलं. १ जुलै १९७६ रोजी ती उपासमारीने आणि शरीरातलं पाणी कमी होऊन मेली. वय २३, वजन ३० किलोच्या आसपास. १९७८ मध्ये कोर्टाने तिच्या आई-वडिलांना आणि दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी धरलं. हीच ती ‘सत्य घटना’. चित्रपट पाहणाऱ्याच्या मनात सैतान असेल की नसेल हा प्रश्न उरतो. मरणाऱ्या मुलीला सलाइन आणि गोळ्यांची गरज होती, याबद्दल मात्र कुठलाही प्रश्न नव्हता.

आपल्या भागात ‘त्याले बाहेरचं लागलं’ हे वाक्य अजून ऐकू येतं. फिट, बाळंतपणानंतरचं नैराश्य, स्किझोफ्रेनिया, मेंदूज्वर, या सगळ्यांवर ते एकच लेबल लागतं, आणि पहिले काही दिवस, जे उपचाराच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे, ते भगताच्या ओट्यावर जातात. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतला पहिलाच प्रकार भूत उतरवण्याच्या नावाखालच्या छळाचा आहे: दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, पादत्राणं बुडवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं. हे शब्द कायद्यात यावे लागले, कारण हे सगळं खरोखर घडत होतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. महाराष्ट्रातली ही अनुसूची म्हणजे आपल्याकडची खरी भयकथा आहे. तिच्यातले बळी जिवंत असतात आणि त्यांना वाचवता येतं.

चांगला भयपट काय करतो?

भयपट वाईट असतो, असा याचा अर्थ नाही. १९९३ चा मल्याळी ‘मणिचित्रताळ’ आणि त्यावरून २००७ मध्ये हिंदीत आलेला ‘भूलभुलैया’ आठवा. त्यात वाड्यातल्या नर्तकीच्या भुताचा शोध घेता घेता आपण एका आजारी स्त्रीपर्यंत पोहोचतो. तिच्या लहानपणीच्या जखमांपर्यंत जातो. उपचाराची रीत सिनेमाच्या सोयीची आहे, पण कथेची नजर माणसावर आहे. २०२२ च्या दुसऱ्या भागात त्याच नावाखाली खरंखुरं भूत आणावं लागलं, हे बाजाराच्या ओढीबद्दल पुष्कळ काही सांगतं.

मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. उसाच्या फडातलं एकाकी घर, गरोदर बाई, खेळणारी मुलं. त्यात भूत आहे, पण भीती कशाची आहे तर मुलगी नको म्हणून मारणाऱ्या माणसांची. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ मध्ये कायदा करावा लागला, अशा देशात ही भीती अस्सल आहे. आपलं भूत खरं आहे, असा दावा या कथेला करावा लागला नाही. तिच्यातलं दुःख खरं होतं, तेवढं पुरे झालं.

गाडगेबाबांची रीत

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी, एक मुलगा गुरं राखत वाढला. पुढे तो गाडगेबाबा झाला. बाबांच्या कीर्तनाची ताकद प्रश्नांत होती. ते उत्तर सांगत बसत नसत. समोरच्या माणसालाच विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत, आणि नवस, कोंबडी-बकऱ्याचा बळी, अंगात येणं यांचा फोलपणा लोक आपणच कबूल करत. वऱ्हाडाला हा वारसा मिळाला आहे. भुताच्या सिनेमासमोर तोच वापरावा.

यातली माणसं कोण, गाव कोणतं, साल कोणतं? घटनेच्या वेळी काय लिहून ठेवलं गेलं, आणि काय नंतर आठवलं गेलं? ही कथा पहिल्यांदा सांगणाऱ्याला तिच्यातून काय मिळत होतं: पैसा, खटल्यात सुटका, प्रसिद्धी की फक्त कोणाचं तरी लक्ष? त्याच घरात आधी आणि नंतर राहिलेल्यांना काय अनुभव आला? हीच गोष्ट दुसऱ्या कोणत्या गावात सांगतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या कथेत मेलं कोण, आजारी कोण, घाबरलेलं कोण होतं, आणि त्याला मदत मिळाली का? या प्रश्नांसमोर आजवर ज्या ज्या ‘सत्य’ भयपटाची कागदपत्रं उघडली गेली, त्यात माणसं खरी निघाली, जागा खऱ्या निघाल्या, मृत्यू खरे निघाले, आणि भुताचा पुरावा मात्र एकदाही हाती लागला नाही. म्हणून अशा चित्रपटांवर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यामागच्या माणसांवर मात्र पूर्ण विश्वास ठेवावा.

आणि सिनेमा संपल्यावर, आपल्याच घरात किंवा गल्लीत कोणी ‘मला काहीतरी दिसतं’, ‘कोणीतरी बोलावतं’ असं म्हणालं, तर त्याला हसू नका आणि भगताकडेही नेऊ नका. किती दिवसांपासून, झोप होते का, जेवण जातं का, फिट येते का, हे विचारा. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. मारहाण, धुरी, डांबून ठेवणं असा प्रकार दिसला तर पोलीस ठाण्यात जा. २०१३ च्या कायद्याने त्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद केली आहे. घाबरलेला माणूस आपल्याजवळ येतो तेव्हा त्याला भूत आहे की नाही या वादात पडायचं नसतं. त्याला कोणीतरी सोबत चालून दवाखान्याच्या दारापर्यंत नेणारं हवं असतं, आणि ते काम आपल्यापैकी कोणीही करू शकतं.